बोर्डाची दहा मिनिटं

मेसच्या नोटीस बोर्डाला पाठ लावून मी उभी होते.

भांडी आवरून झाली की दर रविवारी दुपारी आम्ही हॉस्टेलच्या मुली आमच्याच मेसमधल्या सात मावश्यांना लिहायला-वाचायला शिकवायचो. शेवटची दहा मिनिटं बोर्डावरची एखादी नोटीस वाचायची, हा नियम माझाच. पुढच्या रविवारी त्यांची परीक्षा होती.

आज बोर्डावर नवी नोटीस लागली होती. एक तारखेपासून मेस नव्या ठेकेदाराकडे, सध्याच्या कामगारांचं काम बंद. काचेला कुलूप होतं, नाहीतर मी ती काढूनच टाकली असती.

"पोरी, बोर्ड राहिला की आज," एक मावशी म्हणाली.

"आज नको. पाढे घेऊ."

"पाढे कशाला? परीक्षेला वाचनच हाय न्हवं?"

तेवढ्यात गजरामावशी उठली. तीस वर्षं या मेसच्या पोळ्या लाटणारी, सगळ्यांत थोरली. ती सरळ माझ्याकडे आली. आता ही मला बाजूला सारणार, असं वाटून मी बोर्डाला आणखी चिकटले.

ती माझ्या शेजारी, बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"पोरगी म्हणती तर पाढे म्हणा की गं!" तिनं बायकांना दटावलं. मग माझ्या कानाशी म्हणाली, "सकाळीच वाचलं मी. परीक्षा होऊ दे त्यांची, मग सांगू."

मी दोनाचा पाढा सुरू करून दिला.

"सगळं वाचलं गं," ती कुजबुजली. "एका शब्दाला अडले नाही."