हिरवा पुडा

ताइनानमधल्या त्या उंच इमारतीच्या अध्यक्षा त्साओबाईंचा लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या आ-खुनवर पक्का संशय होता. लिफ्ट सारखी बिघडते, म्हणजे हाच मेला मुद्दाम काहीतरी सैल सोडून जात असणार! म्हणून आज बाई त्याच्या मागोमाग थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

आ-खुनने तारा तपासल्या, तेल घातलं. मग मशीनवरचा मक्याच्या खाऊचा जुना पुडा काढून तिथे नवाकोरा हिरवा पुडा ठेवला आणि मशीनला हात जोडले.

"हे काय रे?"

"मावशी, जुन्याची तारीख उलटून गेली होती. मग मशीन रुसेल नाही तर काय! पुडा हिरवाच लागतो. आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. लावला, की लिफ्ट मध्येच अडकली म्हणून समजा."

"अस्सं! म्हणजे आमची लिफ्ट मक्याच्या खाऊवर चालते होय? थांब, हाच पुडा नेऊन आपटते तुझ्या साहेबापुढे. तुझी नोकरी नाही घालवली तर नावाची त्साओ नाही!"

बाईंनी पुडा उचलून पर्समध्ये कोंबला आणि तरातरा चौदाव्या मजल्यावर उतरल्या. लिफ्ट दार उघडून समोरच उभी होती. बाईंनी एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा पर्सकडे.



आणि गुडघे धरत चौदाही मजले जिन्याने उतरल्या.