वीस मिनिटं

ऑनलाइन परीक्षेची शेवटची वीस मिनिटं उरली होती. पास झाली तर सुनेला घरबसल्या नोकरी मिळणार होती. इतक्यात इंटरनेट गेलं. बाहेरच्या खोलीतून नवरा शांतपणे म्हणाला, "राउटर मीच बंद केलाय. पुरे झाले हे उद्योग."

तिचा मोबाइल तर त्याने आधीच काढून घेतला होता.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. साधा फोन लावायचा तरी त्या मुलाला हाक मारत. त्यांनी आपला मोबाइल तिच्यासमोर ठेवला. "हॉटस्पॉट चालू केलाय. पासवर्ड एक ते आठ आकडे. लाग कामाला."

तिने भराभर आकडे टाकले.

सासूबाईंनी आवाज न करता कडी लावली. "मला हे येतं, ते त्याला कळू देऊ नकोस. माझाही मोबाइल काढून घेईल."