मंडळाचे कान

"आला गं बाई, जॉबर आला!" हेमावती ओट्यावरून ओरडली आणि सिद्धम्माच्या हातातली भाकरी तव्याऐवजी थेट चुलीत पडली.

ज्ञानबा जॉबर घरी येतो म्हणजे काय! गिरणीत कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, सगळं त्याच्या हातात. आणि सिद्धम्माचा नवरा बसलिंगप्पा गेल्या दिवाळीपासून ठार बहिरा. मागांच्या खडखडाटात जन्म काढल्यावर कान तरी किती टिकणार? पण बहिऱ्याला कामावर कोण ठेवतो!

चाळीतल्या विणकरांचं एक साह्य मंडळ होतं. दहा वर्षांमागं, मानमोडीच्या साथीत, कुणी कुणाला पाणी द्यायला उरलं नव्हतं तेव्हा निघालेलं. कुणाचा हात मोडो, कुणी बाळंत होवो, मंडळ हजर. बसलिंगप्पाला तर मंडळानं चक्क कान दिले होते! पहाटे भोंगा झाला की शेजारची हेमावती भिंतीच्या भोकातून दोरी ओढायची; दोरीचं टोक बसलिंगप्पाच्या पायाच्या अंगठ्याला! गिरणीत सोबती खुणा करायचे. ओठ वाचणं तर मागखात्यात सगळ्यांनाच येतं, त्या गोंगाटात दुसरं काय करणार?

"अण्णा, चपला भाईर काढा की!" हेमावती मागून म्हणाली. ज्ञानबा तसाच आत शिरला. कसली ही मिजास!

घोंगडीवर बसून त्यानं बसलिंगप्पाच्या तोंडाकडं टक लावली.

"बरं हाय न्हवं, बसलिंगा?" तो गरजला. जॉबरचा आवाजच तसा.

"व्हय अण्णा, लई झ्याक."

"तुमचं मंडळ अडल्यानडल्याला मदत करतं म्हणं?"

"करतं की."

"आन् कुणाचं गुपित फोडत न्हाय?"

"मान कापली तरी न्हाय."

सिद्धम्मानं चमकून दारातल्या हेमावतीकडं पाहिलं. कळलंय की काय याला?

ज्ञानबा उठला, खिडकीशी गेला आणि त्यांच्याकडं पाठ करून म्हणाला, "मला घ्याल का मंडळात?"

जॉबर, आणि मंडळात? छे, हा तर सापळा! पाठमोरं विचारायचं आणि कान तपासायचे. बसलिंगप्पा बिचारा त्याच्या पाठीकडं बघत गोड हसत बसलेला.

सिद्धम्माला राहवलं नाही.

"अण्णा, पाया पडते! ह्यांना ऐकू येत न्हाय. पर माग डोळं मिटूनबी चालवतील. आमच्या पोटावर मारू नगा!"

बोलून गेली आणि तिनं तोंडावर पदर दाबला. संपलं सगळं. दारात हेमावतीनं गळाच काढला.

ज्ञानबा हललासुद्धा नाही. बऱ्याच वेळानं तो वळला, तर त्याचेच डोळे भरलेले. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"कवाचा उभा हाय, कुणी एक शबुद बोलंना," तो म्हणाला. "घेणार न्हाय व्हय मला? वैनी, तुमी तरी बोला की. पर तेवढा तोंडावरचा पदर काढून बोला."