घराचं कर्ज फिटलं त्या दिवशी

देवघरातली घंटा किणकिणली, तेवढाच काय तो घरात आवाज झाला. बँकेतून सोडवून आणलेल्या घराच्या कागदांवर शर्वरीने हळदकुंकू वाहिलं आणि मस्कतला नवऱ्याला फोन लावला. मुदतीच्या आधी कर्ज फिटलं होतं. फिटलं की तिकीट काढतो, असा त्याचा शब्द होता.

"फिटलं एकदाचं! आता कधी येतोस?"

"येतो गं. पण आता हप्ता नाही, तर किचन करून टाकू. ट्रॉल्या, नवा ओटा, टाइल्स. अजून एक वर्ष काढतो इथे."

"कुणाला हवंय किचन?"

"वा! दिवाळीत शेजारच्या वहिनींचं किचन बघून आलीस, तेव्हा तासभर तेच सांगत होतीस की! मी तेव्हाच ठरवलं."

तिला आठवलं. त्या दिवशी त्याने इतक्यात फोन ठेवू नये, म्हणून ती सुचेल ते बोलत राहिली होती. हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण तो इतका खुशीत होता की ती नुसतं "बरं" म्हणाली.

शेजारी बसून ऐकणारी लेक मांडीवर चढली.

"आई, आपलं घर आहे तसं बाबांना आवडत नाही का गं?"