विमान सावरलं

विमान सोनेगावची धावपट्टी सोडून जेमतेम वर चढलं होतं. सुभद्रा खिडकीतून खाली पाहत होती. तेवढ्यात ढगातून एक छोटं विमान सरळ त्यांच्याकडे येताना तिला दिसलं. इतकं जवळ, की आत बसलेल्या माणसाचं डोकं दिसत होतं.

वैमानिकाने विमान एकदम कलतं केलं. छोटं विमान पंखाखालून निघून गेलं. पण यांचं विमान कलंडलेलंच राहिलं, आणि मग खाली जाऊ लागलं. वरच्या फळीवरच्या पिशव्या अंगावर पडल्या. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी नुसतंच ओरडत होतं.

रुपरावाने बायकोचा हात धरला. लाकडाच्या वखारीचा मालक, नेहमी आवाज चढवून बोलणारा माणूस. आता तो तिच्या कानाशी वाकून हळू बोलला.

"सुभद्रे, मरताना तरी खरं सांगतो तुले. नानाजी झोपेत नव्हते गेले. दोन दिवस तुयं नाव घेत होते. बळीरामानं वखारीत ट्रंक कॉल केला होता. मी तुले सांगितलंच नाही. माफ कर मले."

नानाजी म्हणजे तिचे वडील. खाप्याला, तिच्या माहेरी, हातमागावर बसायचे. म्हातारा झोपेत गेला, सुखानं गेला, अशी ती इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आली होती. रुपरावानेच तिला तसं सांगितलं होतं. भाऊ बळीराम मयताच्या दिवशी तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. पुढे त्याने बोलणंच टाकलं. का, ते तिला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. निरोप मिळूनही ही नानाजी जिवंत असताना आली नाही, असं तो समजून बसला होता.

खिडकीत जमीन वर येत होती. झाडं ओळखू येऊ लागली. सुभद्राने नवऱ्याचा हात घट्ट दाबला आणि डोळे मिटले.

विमान सावरलं.

थोड्या वेळाने ते परत सोनेगावलाच उतरलं. अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, मग हसले. एका अधिकाऱ्याने येऊन सांगितलं, विमान तपासून दुपारी मुंबईला निघेल, काळजी करू नका. कोणीतरी पेढे वाटले. रुपरावाने दोन घेतले. ते विमान कसं पंखाला घासून गेलं, हे तो हातवारे करून सगळ्यांना सांगत होता. त्याचा आवाज परत मोठा झाला होता.

सुभद्रा एका बाकावर बसून होती. तो पेढा घेऊन जवळ आला. तिने घेतला नाही.

"काहून केलं असं?" तिने विचारलं.

"तुया बापानं आपल्या लग्नात माया बापाले भरल्या पंगतीतून उठवलं होतं. डोस्क्यात राग होता. आता झालं ते झालं." मग तो वाकून हळूच म्हणाला, "तू तर माफ केलं ना मले? हात दाबला होता ना तू."

सुभद्रा उठली. पिशवी खांद्याला लावली. दारातल्या शिपायाला तिने खाप्याची बस कुठून सुटते ते विचारलं. मग मागे वळली.

"केलं होतं माफ," ती म्हणाली. "तवा मले तुमच्यासंगं जगायचं नव्हतं."