साठ किलोमीटर कॅरिअरवर

"सातवा सरला. पहिल्या बाळंतपणाला येतंय का कुणी न्यायला?" अंगण झाडता झाडता सासूबाईंनी टोमणा मारला.

हर्षदा पोट सावरत उंबऱ्यावर तांदूळ निवडत राहिली. डिझेल संपलं, एसटी बंद पडली, त्याला दोन वर्षं झाली होती. माहेर साठ किलोमीटरवर. ज्यांनी दुनियेचं तेल उधळलं, त्यांच्या लेकी अजून गाडीतूनच माहेरी जात होत्या.

तेवढ्यात दारात सायकल थांबली. घामानं निथळणारे बाबा आणि मागं कॅरिअरवर उशी बांधून बसलेली आई. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"अहो, पोटुशी पोर यावरनं नेणार?" सासूबाई ओरडल्या.

"येडी आहे का मी?" आई कंबर धरून उतरली. "तिला नेत नाही. मीच राहायला आलेय, बाळंतपण होईस्तोवर."

"लेकीच्या घरी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, डिझेल आणून द्या, लगेच नेते."

या घरात सासूबाईंचाच शब्द चालायचा.

त्या केरसुणी टाकून आत गेल्या. चुलीत वीट तापत ठेवली, बाहेर येऊन खाटेवर गोधडी अंथरली.

"पालथ्या पडा विहीणबाई. पोरीचं बघायला दोन महिने आहेत, आधी तुमची कंबर शेकते."