समोरचा उमेदवार

लक्ष्मीकांत सरपोतदार गप्प झाले, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. सहा वर्षं आखातातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष असलेले आणि माईक एकदा हाती आला की सोडायचं नाव न घेणारे लक्ष्मीकांतराव पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. पडद्यावरच्या घड्याळातले चाळीस सेकंद तसेच निघून गेले.

लीनाने प्रश्न साधाच विचारला होता. "चंद्रहास गेला तेव्हा त्याचं पार्थिव अकरा दिवस शवागारात पडून होतं. त्याचे खोलीवाले रोज मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना फोन करत होते. एकानेही तो का उचलला नाही?"

चंद्रहास वेल्डर होता, अब्बासियात सहा जणांच्या खोलीत राहायचा. त्या आठवड्यात मंडळाची सहल होती, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. पार्थिव गावी पाठवायच्या कागदांमागे एकटी लीना धावली होती. तिला अध्यक्षपद हवं होतं ते एवढ्याचसाठी, की मंडळाचा एक फोन असावा आणि तो कोणीतरी उचलावा. हारतुऱ्यांची हौस तिला कधीच नव्हती.

टाळ्या थांबेनात. अब्बासियापासून रुमैथियापर्यंत घरोघरच्या टीव्हीवर हे थेट दिसत होतं.

अमेरिकेतल्यासारखी उमेदवारांची समोरासमोर चर्चा घ्यायची, ही कल्पना सुधीरची. सुधीर हा लीनाचा नवरा आणि मंडळाचा सचिव. लक्ष्मीकांतराव कंपनीत त्याचे साहेबही होते. "साहेबांविरुद्ध बायकोला उभं केलंस? हिंमत आहे गड्या," असं लोक त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "घरी रोज मीच हरतो, आता सरांची पाळी."

तीन आठवडे त्याने तिची तालीम घेतली. खैतानच्या फ्लॅटमध्ये ओट्याला टेकून तो लक्ष्मीकांतराव व्हायचा, त्यांच्यासारखा खाकरायचा, मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावायचा आणि तिचा प्रत्येक मुद्दा वहीत टिपून घ्यायचा.

"असल्या चर्चा बघून लोक खरंच मत बदलतात का रे?" तिने एकदा पोळ्या लाटताना विचारलं होतं.

"बदलतात म्हणजे काय! तू फक्त बोल," तो म्हणाला होता. तिने विश्वास ठेवला. अठरा वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर विश्वास ठेवायला वेगळं कारण लागत नाही.

तालमीतल्या प्रत्येक प्रश्नाला आज लक्ष्मीकांतरावांकडे उत्तर तयार होतं, अगदी तारखांसकट. चंद्रहासचा प्रश्न मात्र तालमीत नव्हता. तो तिला ऐनवेळी सुचला होता.

मतदान चर्चेनंतर लगेच झालं. एका कुटुंबाला एक मत. "आपलं मी टाकतो, तू कॅमेऱ्यासमोरून हलू नकोस," सुधीर म्हणाला आणि गर्दीत शिरला. निवडणुकीचं काम पाहणाऱ्या सुजाताताईंनी पेटी उघडली. सत्तेचाळीस मतं पडली होती. त्यांतली एक्केचाळीस लीनाची. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. तिच्या मुलीचा, जुईलीचा, घरून मेसेज आला, 'आई, यू किल्ड इट!' लीनाचे डोळे भरून आले. आता तो फोन सुरू होणार होता.

मग सुजाताताईंनी एक जाडजूड फाइल पुढे ओढली. शिफ्टवर असणाऱ्यांचं मत बुडू नये म्हणून ते आधी लेखी देण्याची सोय होती, सिव्हिल आयडीची, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडून. अशी मतं होती एकशे अडतीस. सगळी लक्ष्मीकांतरावांना. कंपनीच्या बसमध्येच फॉर्म फिरले होते आणि लोकांनी ते गुडघ्यावर ठेवून भरले होते. आत्ता टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे केव्हाच मत देऊन बसले होते. त्यांच्यातलाच एक जण लीनापाशी येऊन मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, तुम्ही असं बोलाल हे आधी कळलं असतं तर..."

लीनाने फाइल बघायला मागितली. उमेदवाराला तो हक्क होता. ती एकेक फॉर्म उलटत गेली आणि एका फॉर्मवर तिचं बोट थांबलं. पत्ता खैतानचा होता, तिच्याच घराचा. खाली सुधीरची सही. तारीख तिने उमेदवारीचा अर्ज भरला त्याच दिवसाची. त्या संध्याकाळी दोघांनी बाहेर जाऊन फालुदा खाल्ला होता.

तिला आधी लाज वाटली, राग त्यानंतर आला. एवढ्या घरांतल्या टीव्हीवर ती जीव तोडून बोलली होती आणि तिच्या स्वतःच्या घराचं मत तिला नव्हतं.

सुधीर कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत होता. तिने फॉर्म त्याच्यासमोर धरला. त्याने तो वाचलाही नाही.

"अगं, सरांनीच मागितलं. तिथे नाही कसं म्हणणार?"

"मग मला उभं कशाला केलंस?"

"तिसऱ्यांदा बिनविरोध चालत नाही, गेल्या वर्षी नियमच झालाय तसा. समोर कोणीतरी हवं होतं."

"कोणीतरी. मग मीच का?"

सुधीर वायरी गुंडाळतच राहिला. "सर म्हणाले, चांगलं बोलणारं माणूस बघ, म्हणजे निवडणूक खरी वाटेल. आणि हरल्यावर मुकाट्याने घरी जाणारं बघ." मग तो समजूत घातल्यासारखं हसला. "मी म्हटलं, आमची लीना आहे ना."